खालच्या अक्षरांचे सिनेमे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. जळकोटच्या शाळेत आठवी ते दहावी मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचे. त्यांचं नाव इथं लिहिणार होतो, पण ते त्यांना आवडणार नाही. सत्काराला बोलावलं तरी ते जात नाहीत. म्हणतात, "नाव छापून आलं की पुढची पायरी फोटोची, आणि त्याच्या पुढची हाराची. मला घाई नाही."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीची परीक्षा दिली नव्हती. मी बी.ए. झालो, इंग्रजीत एम.ए. केलं, आज लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. यातलं काहीही सरांशिवाय झालं नसतं, आणि ज्या पद्धतीनं झालं ती पद्धत मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलेली नाही. सरांकडे टीव्ही होता आणि व्हीसीआर होता. रविवारी दुपारी ते आम्हा पाच-सहा जणांना घरी बोलवायचे आणि परदेशी सिनेमा लावायचे. भाषा कधी फ्रेंच, कधी अशी की कुठली ते सरांनाही सांगता यायचं नाही. खाली इंग्रजी अक्षरं. सर प्रत्येकाला एक-एक पात्र वाटून द्यायचे. आपल्या पात्राचं वाक्य आलं की ते मोठ्यानं वाचायचं, अक्षरं पुसली जायच्या आत. माझा आवाज फुटला नव्हता, त्यामुळं मला कायम बायका मिळायच्या. फ्रान्समधल्या किती विधवांचं दुःख मी जळकोटला वाचून दाखवलं असेल, त्याला हिशेब नाही.

सिनेमा संपला की एक कागद. वर काय दिसलं ते लिहायचं, खाली काय वाटलं ते. वरचा भाग रिकामा असेल तर सर खालचा वाचायचेच नाहीत.

निवृत्तीनंतर सर मुलीच्या जवळ म्हणून नांदेडला राहायला आले. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, त्याआधीच वारल्या होत्या. गेल्या पाच-सहा वर्षांत सरांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. यंत्र लावून पाहिलं, पण त्यात त्यांना माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. खिशात एक लहान वही आणि पेन असतं; आपण लिहायचं, ते बोलतात. आवाजाचा अंदाज नसल्यामुळं फार मोठ्यानं बोलतात. फोनचा उपयोग नाही. मोबाइलवर लिहिता येतं, पण ते म्हणतात, "त्याच्यावर फक्त आलो, पोचलो, बरा आहे एवढंच लिहावं." म्हणून मी त्यांना पत्र लिहितो.

कान गेल्यावर टीव्हीवरच्या बातम्या गेल्या, नाटक गेलं, मराठी आणि हिंदी सिनेमा गेला. शेजाऱ्यांच्या गप्पा गेल्या. राहिला तो खाली अक्षरं असलेला परदेशी सिनेमा. तिथं ते सगळ्यांच्या बरोबरीनं बसतात. नांदेडला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं चित्रपट मंडळ आहे. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी अकराला सिनेमा असतो. सरांनीच मला पत्र लिहून त्यात ओढलं. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून मला समितीत घेतलं, आणि सिनेमे निवडण्याचं व त्यांची माहिती लिहिण्याचं काम दिलं. मी सकाळी सहाची बस धरून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जातो आणि संध्याकाळच्या बसनं परत येतो. खरं सांगायचं तर मी जातो ते सरांसाठी. सरांचा तो रविवार टिकला पाहिजे, एवढं एकच काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

आता सिनेमांविषयी. आमच्या मंडळाच्या मागच्या अध्यक्षांना जड, संथ, पारितोषिकप्राप्त सिनेमे आवडायचे. ते गेल्यावर नवे अध्यक्ष आले, बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "सर, आता लोकांना आवडतील असे आणा. तिकडं जे चालतात ते." म्हणून मी गेली दोन वर्षं फ्रान्स आणि ब्रिटनमधले अगदी अलीकडचे, तिथं गर्दी खेचलेले सिनेमे आणत होतो. आणि मला मान्य केलं पाहिजे की या सिनेमांनी मला वैताग दिला.

फ्रेंच लोकप्रिय सिनेमात सगळे जेवत असतात. माझी तक्रार जेवणाबद्दल नाही. तक्रार ही की जेवणाच्या टेबलावर सगळं सुटतं. आम्ही एक सिनेमा दाखवला: समुद्राजवळचं घर, वडील वारलेले, तीन भावंडं घर विकायला जमतात. दोन दिवस भांडतात, एक बहीण सगळ्यांसमोर एक भयंकर खरं वाक्य बोलते, शांतता पसरते, कुणाच्या तरी हातून सॉस सांडतो, सगळे हसतात, आणि घर विकायचं नाही असं ठरतं. घराची डागडुजी कोण करणार, कोण राहणार, याबद्दल अवाक्षर नाही. ऊन मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मधासारखं.

आमच्याकडे अर्धापूरचे एक केळीवाले काका येतात. स्वतःची बाग आहे, मोटारसायकलवर येतात, पहिली रांग सोडून दुसऱ्या रांगेत बसतात आणि मनात आलेलं थांबवून ठेवत नाहीत. सिनेमा संपल्यावर चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "लातूरवाले, वाटणी अशी हसत-खेळत होत असती तर तहसीलला गर्दी कशाला राहिली असती?"

"काका, तो सिनेमा आहे," मी म्हणालो.

"ते कळलं हो. पण हे लोक सकाळपासून जेवूनच राहिले. कामाला कवा जातेत?"

मी हा प्रश्न सरांच्या वहीत लिहिला. सर इतक्या मोठ्यानं हसले की खालच्या वाचनालयातून एकजण वर बघायला आला. मग सर म्हणाले, "काकांना समीक्षा लिहायला लावा. तू माहिती लिहितोस तेवढी पुरे."

तो टोमणा होता, आणि बरोबर होता. मी माहितीपत्रकात त्या सिनेमाला 'नात्यांचा हळुवार शोध' म्हटलं होतं. मला तसं काही वाटलं नव्हतं. तिकडं एवढा गाजलेला सिनेमा आपल्याला पोकळ वाटतो, म्हणजे आपल्यातच काही कमी असेल, अशी एक भीती माझ्या पोटात असते. घरातला पहिला पदवीधर असण्याचा हा एक त्रास आहे. वाटतं की परीक्षा अजून चालूच आहे.

ब्रिटिश सिनेमांचं दुखणं वेगळं. तिथं एक गाव असतं, कायम ओलं. गावातलं काहीतरी बंद पडलेलं असतं, कारखाना किंवा शाळा किंवा पोहण्याचा तलाव. चार-पाच निरुपयोगी ठरलेली माणसं एकत्र येतात आणि काहीतरी विचित्र करायचं ठरवतात. त्यातला एक जण शेवटच्या स्पर्धेआधी मरतो. जो कधी बोलत नाही तो भाषण करतो. मग सगळे जिंकतात, किंवा हरतात आणि हरणं हेच जिंकणं कसं ते आपल्याला संगीतातून समजावलं जातं. गरीब माणूस ब्रिटिश सिनेमात गमतीदार असल्याशिवाय राहूच शकत नाही. गरीब आहे, चिडका आहे आणि विनोद करत नाही, असा माणूस मी त्या सिनेमांत शोधून थकलो. माझ्या गावाकडे असे पन्नास दाखवतो.

आम्ही दाखवलेल्या एकात कारखान्यातून काढलेले पाच जण सगळ्यांत मोठा भोपळा वाढवायच्या स्पर्धेत उतरतात. मला तो निवडताना वाटलं होतं की निदान काकांना आवडेल. मध्यंतरापर्यंत काका गप्प होते. मग त्यांना राहवलं नाही. "अरे, भोपळ्याला पाणी कोण देऊन राहिलं? सगळे तर चहाच पिऊन राहिले!" सभागृह हसलं. नंतर तो भोपळा छोट्या गाडीएवढा झाला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "न्हाई पटत."

पण त्या दिवशीचा खरा प्रश्न वेगळा होता. ब्रिटिश सिनेमा इंग्रजी असल्यामुळं त्याला अक्षरं नव्हती. आम्हाला सिनेमे पुरवणारी संस्था अशी प्रत अक्षरांशिवायच पाठवायची, आणि आम्हालाही वाटायचं, इंग्रजीला इंग्रजी अक्षरं कशाला? सर पहिल्या रांगेत अक्षरांशिवाय बसले होते. आणि त्यांच्या शेजारी कान शाबूत असलेला मी, इंग्रजीचा एम.ए., उत्तरेकडच्या त्या कामगारांचं इंग्रजी ऐकत बसलो होतो आणि मला निम्मंही कळत नव्हतं. ते शब्द चघळून चघळून बोलत होते. सिनेमाच्या मधोमध दोन म्हातारे एकमेकांशी जोरात भांडतात आणि एकजण टोपी फेकून निघून जातो. सरांनी वही पुढं केली आणि विचारलं, "का भांडले?"

मी लिहिलं, "किरकोळ कारणावरून."

मला माहीत नव्हतं. पण ज्यांनी मला इंग्रजी शिकवलं त्यांच्या वहीत 'मला कळलं नाही' असं लिहायला हात धजला नाही.

त्याच महिन्यात समितीची बैठक झाली. प्रेक्षक कमी होत होते. अक्षरांच्या फ्रेंच सिनेमाला त्या आधीच्या वेळी जेमतेम दोन रांगा भरल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले की आता बऱ्याच फ्रेंच सिनेमांची हिंदी आवाजातली प्रत मिळते, तीच मागवावी. एकजण म्हणाला, "साहेब, वाचायला खाली वाचनालय हाय. वर माणूस बघायला येतो." सगळे हसले. मी विचारलं, हिंदी प्रतीवर अक्षरं येतील का? अध्यक्षांनी आधीच चौकशी केली होती. हिंदी घेतली तर अक्षरं नाहीत. दोन्ही एकत्र मिळत नाही.

"मग आमच्या सरांचं काय?" मी म्हणालो.

"अहो, सरांना तुम्ही शेजारी बसून लिहून दाखवा की," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर आधीच गोष्ट लिहून द्या. तुमचा हात आहे त्यात. हे बघा, माणसं आली नाहीत तर वाचनालयवाले सभागृह मागतील परत. मग सरांनाही सिनेमा नाही आणि कुणालाच नाही."

हात वर करायला सांगितलं तेव्हा पाचांपैकी पाच हात वर होते. त्यातला एक माझा.

सभागृह वाचवण्यासाठी केलं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण आणखी एक कारण होतं आणि ते मला लाजेचं वाटतं. बैठकीआधी अध्यक्षांनी नमुना म्हणून एका फ्रेंच विनोदी सिनेमाची हिंदी प्रत दहा मिनिटं दाखवली होती. भाषांतर वाईट होतं; पॅरिसची आजीबाई मुंबईच्या टपोरीसारखी बोलत होती. तरीही मी सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच वेळेला हसलो. लहानपणापासून मी परदेशी सिनेमा खाली मान घालून पाहत आलो आहे. पहिल्यांदा मान वर होती. ते मला आवडलं.

हिंदी आवाजातला पहिला सिनेमा मी सरांसाठी म्हणून निवडला. एका शिक्षकाचा. अलीकडच्या फ्रेंच लोकप्रिय सिनेमात शिक्षकांचे पुष्कळ येतात, आणि ते सगळे एकाच साच्यातले. शहरातल्या नामांकित शाळेतला खडूस मास्तर बदली होऊन गरीब वस्तीतल्या शाळेत येतो. वर्ग दंगेखोर. एक मुलगा सगळ्यांत वाईट. मास्तर पुस्तक फेकतो, बाकावर चढतो, मुलांना एक दिवस संग्रहालयात नेतो, आणि चार गाण्यांनंतर सगळा वर्ग पास. मी प्रत घरी लॅपटॉपवर आधी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पावणेदोन तासांत त्या मास्तरानं एकही वही तपासली नाही! एकदाही लाल पेन हातात नाही. सर आमच्याकडून एकच परिच्छेद तीन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. मुलगा पुढं जातो तो भाषणानं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी मुलगा पुढं नेलेला नसतो.

आणि तो एक प्रसंग. वाईट मुलाच्या बापाला शाळा नको आहे. मास्तर त्याच्या दारात उभा राहतो, दोन मिनिटं सुंदर बोलतो, बापाचे डोळे भरतात. झालं.

माझे वडील शेतातल्या मिरच्या आठवडी बाजारात विकायचे. आठवीनंतर मला बाजारात बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. सर भाषण द्यायला आमच्या दारात आले नाहीत. ते बाजाराच्या दिवशी येऊन वडिलांच्या पोत्याशेजारी बसायचे. पाव किलो मिरच्या घ्यायचे. पावसापाण्याचं बोलायचे, कधी माझ्याबद्दल एखादं वाक्य, कधी तेही नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा. असं किती आठवडे चाललं मला माहीत नाही. सरांना तिखट चालत नाही, हे मला बाईंकडून फार उशिरा कळलं. शेवटी वडील मला म्हणाले, "जा बाबा शाळेत, न्हाईतर तो मास्तर मिरच्या खाऊन मरंल."

मी सरांसाठी सिनेमाची गोष्ट लिहायला बसलो. दोन पानं. दाराच्या प्रसंगापाशी आलो आणि हात थांबला. ते भाषण उतरवणं मला शक्य होईना. मग मी काय केलं ते सांगतो. मी लिहिलं की मास्तर मुलाच्या बापाला भेटायला बाजारात जातो, त्याच्या टोमॅटोच्या गाडीशेजारी बसतो, दर आठवड्याला टोमॅटो विकत घेतो, आणि पुष्कळ आठवड्यांनी बाप मान हलवतो. वर एक प्रसंग वह्या तपासण्याचाही घातला. लिहिताना मला वाटलं की मी त्या सिनेमाची चूक दुरुस्त करतो आहे, आणि सरांना, त्यांना कळेल न कळेल अशा रीतीनं, धन्यवादही देतो आहे. इतकं चांगलं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं.

त्या रविवारी सभागृह भरलं होतं. सरांनी दोन्ही पानं सुरुवातीलाच वाचली, घडी घालून हातात धरली आणि पडद्याकडे पाहत बसले. हिंदीतला मास्तर वर्गात डायलॉग मारत होता, टाळ्या पडत होत्या. मधूनमधून सर पानं उघडून बघत. दाराचा प्रसंग आला आणि गेला. सर पुढं सरकून बसले. शेवटी मुलगा रडला, मास्तर रडला, दिवे लागले.

सर उठून उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाजार कुठं गेला?"

कुणाला काही कळेना. केळीवाले काका मागून म्हणाले, "सर, बाजार तर मलाबी दिसला न्हाई. बाजार असता तर मी झोपलो असतो का?" त्यांनी ते सरांच्या वहीत लिहूनही दिलं.

सरांनी ते वाचलं, मग माझ्याकडे वळले. "पाऊण तास मी बाजाराची वाट पाहत बसलो. पडद्यावर जे चाललं होतं त्याच्यावर माझं लक्षच नव्हतं. वह्या पण नव्हत्या. कुणी लिहिलं हे?"

मी वहीत लिहिलं, "सर, मी. तो प्रसंग फार खोटा होता."

"मग खोटा होता असं लिहायचं! माझे कान गेलेत, डोळे नाही गेले. तू डोळ्यांवर पण हात ठेवलास." ते एवढ्या मोठ्यानं बोलत होते की लोक चहाचे कप हातात घेऊन थांबले. "आणि माझं कौतुक करायचं असलं तर तोंडावर कर. दुसऱ्याच्या सिनेमात चोरून कशाला घालतोस?"

त्यांनीच पुढं विचारलं, "अक्षरं का नव्हती? फ्रेंचला तर असतात."

मी लिहिलं, "समितीनं हिंदी प्रत ठरवली."

सरांनी ते दोनदा वाचलं. "बरं," म्हणाले. पानं माझ्या हातात दिली आणि कठडा धरून जिना उतरले. मी सोबत निघालो तर हातानंच नको म्हणाले.

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी ते आले नाहीत. मी लातूरहून गेलो, पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी ठेवली, आणि हिंदी बोलणारी फ्रेंच माणसं पाहिली. दुसऱ्या वेळी एका ब्रिटिश जहागीरदाराच्या हवेलीतल्या नोकरांचा सिनेमा होता, तोही हिंदीत. त्यात नोकर मालकांवर मालकांपेक्षा जास्त प्रेम करत होते. मला तो सिनेमा इतका असह्य झाला की मी मध्येच उठून सरांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं दार उघडलं. म्हणाली, "बाबा झोपलेत," आणि आतून वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज आला. ती ओशाळली. मीही. "दादा, लिहा त्यांना," ती म्हणाली. "तुमची पत्रं ते ठेवतात."

परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत मी त्या सिनेमांनाच शिव्या देत होतो. त्यांचं खोटं ऊन, त्यांचे गोड गरीब, त्यांची दोन मिनिटांची भाषणं. लोह्याच्या पुढं शिव्या संपल्या. त्या दिग्दर्शकांनी सरांचं काही बिघडवलं नव्हतं. सोमवारी समितीला मी पत्र पाठवलं की महिन्यातला एक सिनेमा मूळ आवाजात आणि अक्षरांसह असावा. अध्यक्षांनी फोन करून प्रेमानं सांगितलं, "सर, आता गर्दी जमलीय, नका मोडू. पुढच्या वर्षी बघू." मग मी स्टाफरूममध्ये मोकळ्या तासाला बसून सरांना हे पत्र लिहिलं. नक्कल ठेवली होती, ती जशीच्या तशी देतो.

आदरणीय सर,
सा. न.

त्या सिनेमात मला काय दिसलं ते आधी लिहितो. एक शिक्षक मोठ्या शाळेतून लहान शाळेत येतो. मुलं त्याचं ऐकत नाहीत. तो एका मुलाच्या दारात उभा राहून त्याच्या वडिलांशी सुमारे दोन मिनिटं बोलतो. त्या वेळी मुलगा जिन्यात बसून बुटाची नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो. वडील दार उघडंच ठेवून आत जातात. नंतर मुलं संग्रहालयात जातात, परीक्षा देतात आणि पास होतात. बाजार नाही. वह्या नाहीत. नाडीचं मी तुम्हाला दिलेल्या पानांत लिहिलं नव्हतं. पुन्हा पाहिल्यावर दिसलं. अख्ख्या सिनेमात तेवढं एक चांगलं आहे आणि ते माझ्यामुळं तुमचं कदाचित हुकलं.

काय वाटलं ते आता. मला तो सिनेमा आवडला नाही. शिक्षकाचं काम त्यांना माहीत नाही असं वाटलं. घर विकणाऱ्या भावंडांचाही आवडला नव्हता. मी त्याला 'हळुवार शोध' म्हटलं ते भिऊन म्हटलं. भोपळ्याच्या सिनेमातले म्हातारे का भांडले ते मला कळलं नव्हतं, अजूनही माहीत नाही. त्या लोकांचं इंग्रजी मला ऐकून समजत नाही. वाचून समजतं. हे तुमच्यापासून लपवलं.

समितीनं हिंदी प्रत ठरवली, असं मी तुमच्या वहीत लिहिलं. पाच हात होते. त्यात माझा होता. तुमच्याबद्दल मी एक प्रश्न विचारला, त्याचं सोपं उत्तर मिळालं, ते मी घेतलं. मला हिंदीत पाहताना बरंही वाटलं होतं. त्यामुळं तुमचा रविवार दुसऱ्या कुणी काढून घेतला असं समजू नका. त्यात मी आहे.

आता मी अक्षरांसाठी मागणी केली आहे. ती या वर्षी मान्य होणार नाही. मंडळात तुम्ही या, असं मी म्हणणार नाही, कारण तिथं आता तुमच्यासाठी काही नाही. गोष्ट लिहून देण्याचं काम मी सोडलं आहे.

संस्थेकडे मी स्वतःच्या नावावर चौकशी केली. मूळ आवाजातली, अक्षरं असलेली प्रत व्यक्तीलाही मिळते, ब्रिटिश सिनेमांनाही अक्षरं मिळतात, मागितली तर. आम्ही आजवर मागितलीच नव्हती. तुमची हरकत नसेल तर रविवारी मी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येईन. पडदा लहान असेल. सिनेमे याच जातीचे असतील, म्हणजे बहुतेक आपल्या दोघांनाही आवडणार नाहीत. काकांना विचारलं, ते म्हणाले, "सर असतील तर येतो, पण वाचून मोठ्यानं सांगा, माझा चष्मा बाद हाय." म्हणजे मला पुन्हा वाचावं लागेल. या वेळी सगळीच पात्रं.

माझं चुकलं, असं तोंडावर म्हणायला आलो होतो. ताई म्हणाल्या तुम्ही झोपला आहात. तुम्ही जागे होतात हे मला कळलं, आणि भेटला नाहीत ते बरोबरच होतं.

मी येऊ नये असं वाटत असेल तर एका कार्डावर 'नको' एवढंच लिहून टाका. मी पुन्हा विचारणार नाही. पण लिहा मात्र. काहीच आलं नाही तर मी त्याचा मला सोयीचा अर्थ लावीन, आणि ती सवय मला मोडायची आहे.

तुमचा विद्यार्थी